वाचविलेला वारस

तान्ह्या बाळाच्या जिवावर शत्रू उठला आहे आणि इमानी माणसे त्याला छातीशी धरून रात्रीच्या अंधारात निघाली आहेत, ही कथा कोणत्याही देशात सांगा, ऐकणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबल्यावाचून राहत नाही. भरल्या यमुनेतून गोकुळात पोहोचविलेल्या श्रीकृष्णाची कथा आपण बालपणी ज्या ओढीने ऐकतो, ती ओढ हीच होय. अशीच एक घटना उत्तर युरोपातील नॉर्वे देशात इ. स. १२०६ च्या हिवाळ्यात घडली. तिच्यावर निल्स गाउप या दिग्दर्शकाने २०१६ साली एक चित्रपट काढला. 'द लास्ट किंग' या इंग्रजी नावाने तो जगभर दाखविला गेला. त्या चित्रपटाच्या निमित्ताने मनात आलेले काही विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मूळ कथा थोडक्यात अशी. नॉर्वेचा राजा तिसरा होकोन १२०४ साली मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्र होकोन होकोनसन हा राज्याचा वारस. देशात दोन पक्षांचे यादवी युद्ध पेटलेले होते. राजपुत्राच्या बाजूच्या सैनिकांना 'बिर्केबाइनर' म्हणत. दारिद्र्यामुळे पायांना भूर्जवृक्षाची साल गुंडाळून लढणारे लोक, असा त्या नावाचा अर्थ. विरुद्ध पक्षाचे लोक बाळाचा घात करतील हे ओळखून दोघा बिर्केबाइनरांनी दीड वर्षाच्या त्या मुलाला उचलले आणि पायांना लांब फळ्या बांधून लिलेहॅमर गावाकडून हिमाच्छादित डोंगर ओलांडले. वाटेत अन्न मिळेना, तेव्हा बर्फ विरघळवून बाळाच्या मुखात घातले, असे जुनी गाथा सांगते. या प्रवासाच्या स्मरणार्थ १९३२ पासून तेथे बर्फावरील शर्यत भरते. अंतर सुमारे ५४ किलोमीटर. आणि प्रत्येक स्पर्धकाच्या पाठीवर बाळाची आठवण म्हणून साडेतीन किलो वजनाचे ओझे असावे लागते.

चित्रपटात दऱ्याखोरी आहेत, पाठलाग आहे, तलवारींचा खणखणाट आहे. मूल सुखरूप राहिले की प्रेक्षक समाधानाने उठतात. परंतु आम्हांस विचारावयाचे आहे ते याच्या पुढचे. मूल वाचले, पण पुढे त्याचे काय झाले? त्याला वाचविणाऱ्यांचे काम तेथे संपले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नॉर्वेपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्या बीदर आणि कलबुर्गीच्या मातीत आपण वाढतो, तिनेच ते उत्तर दिलेले आहे.

इ. स. १४६१ मध्ये बहमनी सुलतान हुमायून मरण पावला. बीदरच्या तख्तावर त्याचा पुत्र निजामशहा बसला, तेव्हा त्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते. त्याची आई मखदूमा-ए-जहाँ नर्गिस बेगम हिने ख्वाजा जहान तुर्क व महमूद गवान या दोन वजिरांना बरोबर घेऊन राज्याचा गाडा हाती घेतला. राणी पडद्याआड बसून सल्ला देई आणि दरबारात बालसुलतानाच्या दोन्ही बाजूंस दोन वजीर उभे राहत. गादीवर मूल आहे असे पाहताच शेजाऱ्यांना हाव सुटली. ओरिसाचा राजा चालून आला. त्याला परतविले, तोच माळव्याचा सुलतान महमूद खिलजी सैन्यासह येऊन ठेपला. आजच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारजवळ लढाई झाली. तीत बहमनी सैन्याचा पराभव झाला आणि बालसुलतानाला रणातून काढून कसेबसे बीदरला आणावे लागले. खिलजी बीदरवर येताच राणीने किल्ला विश्वासू सरदाराच्या हवाली केला आणि मुलाला घेऊन भीमेकाठचे फिरोजाबाद गाठले. कलबुर्गीच्या दक्षिणेस त्या नगराचे भग्न तट आजही उभे आहेत. नॉर्वेच्या बाळाला बर्फातून नेले, आपल्या येथील बाळाला काळ्या रानातून नेले, एवढाच काय तो भेद!

बीदर शहर खिलजीच्या हाती गेले, पण किल्ला हटला नाही. महमूद गवानाने गुजरातच्या सुलतानाची मदत मिळविली आणि शत्रूची रसद तोडली. खिलजीला माघार घ्यावी लागली. राज्य वाचले, राजाही वाचला. दुर्दैवाने १४६३ मध्ये निजामशहा अकस्मात मरण पावला आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ तिसरा मुहम्मदशहा गादीवर आला. त्यालाही राणीने आणि महमूद गवानाने सांभाळले. मुलगा कर्ता होताच राणीने कारभारातून आपले अंग काढून घेतले. गवानाने राज्याची सीमा कोकण-गोव्यापर्यंत नेली, कारभाराची घडी बसविली आणि १४७२ मध्ये बीदरला तो प्रसिद्ध मदरसा उभारला. आपल्या भागातील शाळांच्या सहली तेथे जातात, तेव्हा त्याचा उरलेला एकुलता मनोरा आणि भिंतीवरच्या निळ्या-हिरव्या लाद्या मुले कुतूहलाने पाहतात.

आता या कथेचा शेवट ऐका. गवानाच्या उत्कर्षाने जळणाऱ्या दरबाऱ्यांनी त्याची मुद्रा उमटविलेला कोरा कागद मिळविला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून फितुरीचे पत्र लिहिले. ते पत्र सुलतानापुढे आले. पत्र कोणी लिहिले, कोणी आणले, याची चौकशी सुलतानाने केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या घरातील त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. ज्या हातांनी तख्त सावरले, त्यांवरच तख्ताने शस्त्र चालविले. पुढे सत्य उघडकीस आले. पश्चात्तापाने पोळलेला सुलतान वर्षाच्या आत मरण पावला. पुन्हा गादीवर बालकच आले. पण या वेळी त्याला सांभाळण्यास गवान नव्हता. थोड्याच वर्षांत विजापूर, अहमदनगर असे सुभे वेगळे झाले आणि बहमनी राज्याचे तुकडे झाले.

यावरून आम्हांस असे वाटते की, वारसाचा जीव वाचविणे हे रक्षणकर्त्यांचे अर्धेच काम होय. दुसरे अर्धे त्याहून अवघड आहे. खरे-खोटे पारखण्याची बुद्धी, रागाच्या क्षणी थांबण्याचा संयम आणि उपकाराची जाणीव ही मुलाच्या अंगी बाणवावी लागतात. ती उणी राहिली, तर तलवारींनी वाचविलेले राज्य एका खोट्या कागदाने बुडते. आणि हा दोष सर्वस्वी रक्षणकर्त्यांच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. मुहम्मदशहा त्या वेळी पंचविशी ओलांडलेला पुरुष होता. मोठेपणी केलेल्या अविचाराचा जाब ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.

यावर कोणी म्हणेल की, मग मुलाला डोळ्यांत तेल घालून आपल्या नजरेखालीच ठेवावे. त्यांनी पुण्याकडे पाहावे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यानंतर १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. नाना फडणीस आदी बारभाईंनी त्या तान्ह्या वारसाचा पक्ष जिवापाड राखला. त्या निष्ठेला तोड नाही. परंतु मूल वाढले, तरी पहारा आणि धाक सैल झाला नाही. सत्ता नानांच्या हाती राहिली. १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून त्या एकवीस वर्षांच्या पेशव्याचा अंत झाला. अतिरक्षणानेही रोप खुरटते, हे यातून घ्यावे.

होकोनचे भाग्य वेगळे ठरले. १२१७ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, तो राजा झाला. लहान वयातच त्याने राज्याचा भार उचलला, पुढे यादवी युद्धाचा शेवट पाहिला आणि १२६३ पर्यंत राज्य केले. बर्फातल्या त्या दोघांच्या श्रमांचे चीज झाले ते यामुळे.

आज राजे नाहीत आणि गादीचे वारसही नाहीत. १९५० साली अमलात आलेल्या घटनेने राज्य लोकांच्या हाती दिले. म्हणजे आता घरोघरीचे मूल हेच राज्याचे वारस झाले. त्याला वाचविण्यासाठी आईबाप अन्नवस्त्र पुरवितात, लस टोचवितात, सीमेवरच्या या भागात दोन-तीन भाषांचे ओझे सांभाळीत शाळेपर्यंत पोहोचवितात. एवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे पालकांनी समजू नये. मुलाला प्रश्न विचारू द्यावेत, लहान लहान निर्णय घेऊ द्यावेत, चुकले तर सावरावे, आणि राणी नर्गिस बेगमेप्रमाणे योग्य वेळी आपला हात बाजूला घ्यावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक सांगणे आहे. कोणाविषयी वाईट सांगणारा कागद किंवा निरोप हाती पडला (आणि आज असे निरोप हातातल्या मोबाईलवर क्षणोक्षणी येतात), तर निवाडा करण्यापूर्वी तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याचे म्हणणे काय, हे विचारा. मुहम्मदशहाने हे तीन प्रश्न विचारले असते, तर बीदरचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. ज्यांच्या कडेवर बसून आपण इथवर आलो, त्यांच्याविषयी तरी निदान एवढी चौकशी करणे हे आपले कर्तव्यच आहे.