दार कोणत्या रस्त्यावर?



अमेरिकेतील शिकागो शहरात काळ्या लोकांचे एक जुने चर्च आहे. ऑलिव्हेट बॅप्टिस्ट चर्च त्याचे नाव. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा गोळी घालून खून झाला आणि त्याच वर्षी या चर्चजवळून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला शिकागो शहराने किंग यांचे नाव दिले. चर्चमधल्या लोकांना आनंद व्हायला हवा होता. किंग काळे, चर्चही काळ्यांचे. किंग बॅप्टिस्ट पाद्री, चर्चही बॅप्टिस्टांचे. पण तेथील पाद्री जोसेफ जॅक्सन यांनी चर्चचा पत्ताच बदलून टाकला! मोठ्या रस्त्यावरचा पत्ता सोडून बाजूच्या ३१ नंबरच्या रस्त्यावरच्या दाराचा पत्ता त्यांनी लावला. किंग यांचे नाव आपल्या पत्त्यात नको, एवढ्यासाठी.

एका समाजाच्या, एकाच पंथाच्या दोन माणसांत एवढे वितुष्ट का यावे? ही हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. माणसाने जाणत्या वयात स्वतः समजून विश्वास ठेवावा आणि मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यावा, ही त्यांची शिकवण. त्यांच्यावर पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक चर्च स्वतंत्र. पाद्री कोण नेमायचा, पटला नाही तर कसा काढायचा, हे त्या चर्चचे सभासद ठरवतात. पुष्कळ चर्च मिळून अधिवेशन भरवतात, अध्यक्ष निवडतात. पण तो अध्यक्ष एखाद्या चर्चला हुकूम सोडू शकत नाही. वरून दाबणारा कोणी नसला की भांडणे झाकून राहत नाहीत. बॅप्टिस्टांचेही तसेच झाले.

त्यांच्यातले सर्वांत मोठे भांडण गुलामगिरीवरून झाले. ज्याच्या घरी गुलाम आहेत अशा माणसाला धर्मप्रचारक नेमायचे काय? उत्तरेकडच्या मंडळींनी नाही म्हटले. तेव्हा दक्षिणेकडचे गोरे बॅप्टिस्ट १८४५ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे जमले आणि त्यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही वेगळी संस्था काढली. बायबल हातात धरूनच त्यांचे पुढारी गुलामगिरीचे समर्थन करीत. या संस्थेने काळ्या लोकांची माफी मागितली ती १९९५ साली. मध्ये दीडशे वर्षे गेली! स्त्रियांबाबतचा वाद तर तिथे अजून मिटलेला नाही. बाईला पाद्री केले म्हणून २०२३ साली कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या भल्यामोठ्या चर्चला संस्थेबाहेर काढले. २०२४ साली ही बंदी घटनेतच लिहून टाकण्याचा ठराव आला. बहुमत मिळाले, पण दोन-तृतीयांश मते न मिळाल्याने तो पडला.

आता काळ्या बॅप्टिस्टांकडे वळू. गुलामगिरी संपल्यावर त्यांनी आपली चर्च उभारली आणि १८९५ साली अटलांटा शहरात नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही देशव्यापी संस्था स्थापन केली. दक्षिणेत काळ्या माणसाला मत देता येत नव्हते, गोऱ्यांच्या शाळेत जाता येत नव्हते. चर्च ही एक जागा मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीची. पाद्र्याचा पगार मोलकरणी, हमाल, शेतमजूर यांच्या चिल्लरीतून जमायचा. म्हणून गोरा मालक त्याला कामावरून काढू शकत नसे आणि तो मोकळेपणाने बोलू शकत असे. काळ्यांच्या चळवळीला इतके पुढारी पाद्र्यांमधून का मिळाले, याचे एक मोठे कारण हे होय.

अशा संस्थेचे अध्यक्ष म्हणून १९५३ साली जोसेफ जॅक्सन निवडून आले. त्याच्या आदल्याच वर्षी घटनेत दुरुस्ती झाली होती की, अध्यक्षाने सलग चार वर्षांपेक्षा जास्त काळ पदावर राहू नये. १९५७ साली चार वर्षे भरली. जॅक्सन काही उठले नाहीत. ती दुरुस्तीच नियमाप्रमाणे झाली नव्हती, असे त्यांचे म्हणणे. काही पाद्री कोर्टात गेले, पण तिथे ते हरले. पुढे त्यांनाच संस्थेतून काढण्यात आले.

जॅक्सन यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते काही गोऱ्यांचे हस्तक नव्हते. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराला त्यांनी सुरुवातीला मदतच केली होती. टेनेसी राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल काळ्या शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकले, तेव्हा त्यांच्यासाठी संस्थेमार्फत जमीन विकत घेतली. पण रस्त्यावर उतरणे, मुद्दाम कायदा मोडून तुरुंगात जाणे त्यांना मान्य नव्हते. कोर्टात लढा, शिका, उद्योगधंदे उभारा, असा त्यांचा उपदेश होता. किंग आणि त्यांचे मित्र म्हणत, नुसत्या उद्योगाने भागणार नाही. अन्यायाचा कायदा आहे तोवर स्वस्थ बसता येणार नाही. संस्थेने चळवळीमागे उभे राहावे म्हणून त्यांना अध्यक्ष बदलायचा होता. अशा रीतीने खुर्चीचे भांडण आणि रस्त्याचे भांडण एकच होऊन बसले.

१९६० साली फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात दोन्ही बाजूंनी आपलाच अध्यक्ष निवडून आल्याचे जाहीर केले. एका बाजूला जॅक्सन, दुसऱ्या बाजूला ब्रुकलिनचे नामवंत पाद्री गार्डनर टेलर. किंग टेलर यांच्या बाजूचे. पुढच्या वर्षी, १९६१ साली, कॅन्सस सिटीत दोन्ही गट पुन्हा समोरासमोर आले. टेलर यांची माणसे व्यासपीठाकडे घुसली, धक्काबुक्की झाली. त्या गर्दीत डेट्रॉइटचे एक पाद्री व्यासपीठावरून खाली पडले, डोक्याला जबर मार लागला आणि ते दगावले. देवाच्या नावाने भरलेल्या सभेत माणूस मेला! मग कोर्टाच्या देखरेखीखाली मतदान झाले. जॅक्सन यांना २,७३२ मते पडली, टेलर यांना १,५१९. टेलर यांनी हार मान्य केली.

पण मने सांधली गेली नाहीत. या गोंधळामागे किंग यांचा हात असल्याचे जॅक्सन म्हणाले, असे वर्तमानपत्रांत छापून आले. किंग यांच्या बाजूने ते साफ नाकारण्यात आले. संस्थेच्या रविवार-शाळांच्या काँग्रेसचे उपाध्यक्षपद किंग यांच्याकडे होते, तेही काढून घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीचे पाद्री व्हेनचेल बूथ यांच्या चर्चमध्ये १४ राज्यांतून ३३ माणसे जमली आणि प्रोग्रेसिव्ह नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही नवी संस्था निघाली. अध्यक्षाच्या मुदतीला मर्यादा हवी, ही तिची पहिल्यापासूनची भूमिका. किंग यांना याच संस्थेत आपले घर मिळाले.

आता आपण म्हणाल, फुटीमुळे चळवळ बुडाली असेल. तसे झाले नाही. कारण चळवळ अध्यक्षाच्या खुर्चीवर चाललीच नव्हती. माँटगोमेरीचा बहिष्कार डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चालला, तो तिथल्या चर्चमधल्या सभांवर आणि बायांच्या कष्टांवर. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या एका स्वयंपाकिणीने किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली, म्हणून तिचे काम गेले. तिने आणि तिच्यासारख्या बायांनी घरी केक, पाय, कोंबडीचे जेवण करून विकले आणि ते पैसे बहिष्काराच्या मोटारींच्या पेट्रोलसाठी सभेत आणून दिले. पैसे कोणी दिले असे विचारले तर सांगायचे काय? म्हणून आपल्या मंडळाचे नावच त्यांनी ठेवले, ‘कुठलेच नाही मंडळ’. कोणाची नोकरी जाऊ नये, ही त्यातली काळजी. असल्या चर्चचे दार बंद करण्याचा अधिकार कोणत्याही अध्यक्षाला नव्हता. ज्या मोकळेपणामुळे बॅप्टिस्टांत भांडणे झाली, त्याच मोकळेपणामुळे चळवळ जिवंतही राहिली.

जॅक्सन १९८२ पर्यंत अध्यक्ष राहिले. एकोणतीस वर्षे! शेवटी त्यांना हरवले ते थिओडोर जेमिसन यांनी. हे जेमिसन कोण? जॅक्सन यांच्याच कार्यकारिणीतले जुने चिटणीस. आणि माँटगोमेरीच्या दोन वर्षे आधी, १९५३ साली, बॅटन रूज शहरात काळ्यांचा बस-बहिष्कार चालवणारे तेच! म्हणजे जे फुटून गेले तेवढेच लढणारे होते आणि जे राहिले ते सगळे गप्प बसणारे, असेही नाही. २००५ साली नॅशव्हिल येथे काळ्या बॅप्टिस्टांच्या चार संस्था एकत्र बैठकीला बसल्या. संस्था वेगळ्याच राहिल्या, पण एका मांडवाखाली आल्या.

भांडण झाले म्हणजे समाज बुडाला असे नव्हे, आणि ऐक्य झाले म्हणजे काम झाले असेही नव्हे. ज्यांनी गुलामाच्या मालकाला प्रचारक नेमायला नकार दिला, त्यांनी ऐक्य टिकवण्यासाठी मान तुकवली असती तर ते ऐक्य कोणाच्या कामाचे होते? भांडण कशासाठी आहे, हे आधी विचारले पाहिजे. खुर्चीसाठी असेल तर त्यात माणसे हकनाक मरतात. आणि सभा संपल्यावर गोरगरिबांची चिल्लर कुठे खर्च झाली, हेही विचारले पाहिजे.

शिकागोतला तो रस्ता अजून किंग यांच्याच नावाने आहे. पत्ता बदलला म्हणून रस्ता काही हलला नाही.