पडदा ओढायला पदवी कशाला?

आमच्या वस्तीतील एका वडिलांनी मला हा प्रश्न विचारला. मुलगा नाट्यशास्त्राच्या पदवीला गेला आणि अभिनय सोडून रंगमंच व्यवस्थापनात रमला, म्हणून ते नाराज होते.

मी मुलाची वही मागितली. संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरे पान. त्यावर कोण कुठून येतो, कोणत्या शब्दाला दिवा, कोणत्या शब्दाला संगीत, सारे पेन्सिलीने लिहिलेले; कारण तालमीत बदल होतात. तालमीच्या वेळा, सामानाची यादी, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेला सेट हेही त्याच्याकडेच. पडदा उघडला की दिग्दर्शकाचे काम संपते. पुढचा प्रयोग याच्या इशाऱ्यावर चालतो.

१९५५ साली मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांसमोर म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले. लेखकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पडदा कोणी सांभाळला, ते कोण सांगेल?

जलशापासून जयंतीच्या मंचापर्यंत आपली माणसे हे काम हमाली समजून करीत आली. तेच काम शास्त्र म्हणून शिकले, तर माणसाला नाव मिळते. कमाई लगेच होणार नाही, हे खरे. पण बंधूंनो, शिकणाऱ्या पोराला घरातूनच खाली बघायला लावू नका.

जयभीम!