थंडीत बंद पडणारा कॅमेरा

माउंट अबूच्या हिवाळी शिबिराची यादी सूचनाफलकावर लागली आहे आणि यंदा तिच्यासोबत एक नवाच प्रश्न आला आहे. आठवी-नववीच्या काही मुलांनी घरच्या कपाटातला, वडिलांचा किंवा आजोबांचा रोलचा कॅमेरा नेण्याची परवानगी मागितली आहे. मोबाइल असताना ही उठाठेव कशाला, असे काही पालकांचे व विश्वस्तांचे म्हणणे आहे. मागच्या शिबिरात एका विद्यार्थिनीचा कॅमेरा पहाटे बंद पडला आणि घरी गेल्यावर "बिघडवून आणलास" म्हणून तिला बोलणी खावी लागली, हेही आमच्या कानावर आहे. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की कॅमेरे न्यावेत.

तो कॅमेरा बिघडलाच नव्हता. दुपारी ऊन आल्यावर तो त्याच सेलवर चालू लागला. सेलमध्ये वीज तयार होते ती रासायनिक क्रियेने. थंडीत ती क्रिया मंदावते, सेलचा अंतर्गत रोध वाढतो आणि अर्धा वापरलेला सेल अगदीच मान टाकतो. ऊब मिळाली की तो बराचसा सावरतो. सुरतच्या मुलांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याकडे स्वेटर वर्षातून पंधरा दिवस बाहेर निघतो. अबूला मात्र जानेवारीत पारा शून्याखालीही जातो. सेल संपला असे समजून मुले तो तिथेच डोंगरावर फेकून देतात, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते. आणि मोबाइलचे म्हणाल, तर त्याची बॅटरीही थंडीत अशीच दगा देते.

खरा प्रश्न आहे तो कोणता कॅमेरा न्यावा हा. १९७६ साली दोन कॅमेरे बाजारात आले. कॅनन एई-१ चे शटर विजेवर चालते. त्याचा ६ व्होल्टचा सेल थंड पडला की बटण दाबून काही होत नाही. पेंटॅक्स के-१००० चे शटर मात्र स्प्रिंगवर चालते. सेल फक्त प्रकाश मोजण्यापुरता, तो काढून टाकला तरी फोटो निघतो. (याच्या लेन्सवर झाकण लावायला विसरू नये, नाहीतर मीटर चालूच राहून सेल उतरतो.) आपल्याकडे बऱ्याच घरांत असलेला निकॉन एफएम-१० याच जातीचा. निकॉन एफई-२ मधला आहे: सेलशिवाय त्याचा एकच वेग चालतो, सेकंदाचा २५० वा भाग. आपोआप रोल पुढे सरकवणारे छोटे कॅमेरे मात्र पूर्णपणे सेलच्या भरवशावर.

मीटर बंद पडला तर? स्वच्छ उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याजवळचा घ्यावा; १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. एवढे पाठ असले की काम भागते. आमच्या मते मोबाइल हे शिकवत नाही, आणि ३६ फोटोंचा रोल विचार करून बटण दाबायला लावतो, तेही मोबाइलने होत नाही.

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरींनी तेनझिंगचा फोटो काढला तो कोडॅक रेटिना कॅमेऱ्याने. त्यात सेल नव्हताच. तरीही हिलरींनी तो शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवला होता, कारण कडाक्याच्या थंडीत यंत्रातले तेलही घट्ट होते.

मुलांनीही तेच करावे. जादा सेल दप्तरात नव्हे, आतल्या खिशात ठेवावेत. बटन सेल घेताना एलआर-४४ ऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर-४४ मागावा, तो थंडीत जास्त टिकतो. पेन्सिल सेल लागत असतील तर अल्कलाइनपेक्षा लिथियमचे बरे. दोन पैसे जास्त पडतील. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणावा आणि तासभर उघडू नये, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. वापरलेले सेल परत शाळेत आणावेत.

परवानगी मागणाऱ्यांनी निघण्याआधीच्या सोमवारी कॅमेरा रोल न भरता विज्ञानाच्या तासाला आणावा. सेल काढून बटण दाबून पाहू. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला एक जुना सेलही आम्ही आणू.