पत्रिका जुळली, रक्ताचे काय?

काळाचौकीतील चाळ असो वा अभ्युदयनगरातील सदनिका, स्थळ सांगून आले की प्रथम उलगडली जाते ती पत्रिका. गुण मोजले जातात, मंगळ पाहिला जातो आणि एकनाडी निघाली की तोंडे उतरतात. ‘एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, मग संतती कशी होणार?’ असा युक्तिवाद पदवीधर मंडळीही करतात. हा धर्म नव्हे आणि विज्ञान तर नव्हेच! नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून, रक्तगट ठरतो माता-पित्यांकडून आलेल्या जनुकांवरून. पती-पत्नींचा रक्तगट एक असल्याने संततीस कोणतीही बाधा येत नाही.

रक्ताचे खरे रहस्य याच मुंबईत उलगडले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून एका आगळ्या रक्तगटाची माहिती जगापुढे ठेवली. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. युरोपात दहा लाखांत एखाद्यात आढळणारा हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकामध्ये आढळतो.

‘ए’ आणि ‘बी’ गटांची खूण रक्तपेशीवरील ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहते. हा पाया घालणारे विकर ‘एफयूटी-१’ या जनुकामुळे तयार होते. भारतीयांत प्रामुख्याने आढळणाऱ्या प्रकारात या जनुकातील ७२५ व्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ असते. अवघ्या एका अक्षराचा फरक! आई आणि वडील या दोघांकडूनही असे सदोष जनुक आले, तर पायाच घातला जात नाही. मग ‘ए’ वा ‘बी’चे जनुक अंगी असूनही ते प्रकट होत नाही आणि नेहमीच्या तपासणीत अशी व्यक्ती ‘ओ’ गटाची भासते. तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिले, तर मात्र ते जिवावर बेतू शकते.

झाकलेले जनुक पुढच्या पिढीत उघड होऊ शकते. पती-पत्नी दोघेही कागदोपत्री ‘ओ’ आणि मूल ‘बी’, असे घडले की कुजबुज कोणाविषयी होणार? सुनेविषयीच! वास्तविक तिचा दोष तिळमात्र नसतो. चूक असते ती अपुऱ्या तपासणीची आणि शिक्षा भोगते निरपराध स्त्री. ज्या समाजाने सीतेच्या दुःखावर अश्रू ढाळले, त्याने नवी अग्निपरीक्षा मांडावी काय?

थॅलेसेमियाचे सूत्रही हेच. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो; पत्रिका त्याला ओळखत नाही, साधी रक्ततपासणी ओळखते. नात्यात लग्ने होत राहिली, की एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याचा धोका वाढतो. ‘मामाची मुलगी, गोत्र वेगळे’ हे समाधान फसवे आहे, कारण गोत्र पित्याकडून मोजले जाते आणि जनुके मात्र दोघांकडूनही येतात. विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरे’त सापिंड्य म्हणजे एकाच देहाचे अंश असणे असे सांगितले आणि पित्याकडून सात पिढ्यांबरोबर मातेकडूनही पाच पिढ्या वर्ज्य मानल्या. परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी निदान परंपरा तरी वाचावी!

परंपरा दिसली की नाक मुरडणारे स्वयंघोषित पुरोगामी हे सांगणार नाहीत. मात्र जातिशुद्धीचा टेंभा मिरविणाऱ्यांनाही येथे आधार नाही. मोजक्या घरांतच सोयरीक करीत राहिल्याने रक्त शुद्ध होत नाही. दोष मात्र साठत जातात. काळाचौकीतील अनेक घरांची मुळे ज्या कोकणात आहेत, तेथेच रत्नागिरीला १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी बेटीबंदीची बेडी तोडण्याचा आग्रह धरला होता. जनुकशास्त्र आज त्या आग्रहाच्या बाजूने साक्ष देते.

पत्रिका पाहायची त्याने खुशाल पाहावी. परंतु साखरपुड्यापूर्वी वधू-वर दोघांचीही थॅलेसेमियाची तपासणी व्हावी. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या मंडळांनी ‘ओ’ गटाच्या दात्यांची ‘एच’ तपासणीही करून घ्यावी. कुळाचा अभिमान बाळगायचा, तर कुळाच्या रक्ताविषयी सत्य ऐकण्याचे धैर्यही हवे. ते नसेल, तर तो अभिमान नव्हे, निव्वळ भय आहे.