विमा पाच लाखांचा, मग शुगरच्या गोळ्या खिशातून का?

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं गाव. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब, त्यामुळे मोठ्या दवाखान्याची वेळ आली की नांदेडचाच विचार आधी होतो.

इथल्या मधुमेहाच्या रुग्णाकडे आज कागदावर पाच लाखांचं संरक्षण आहे. तरीही दर महिन्याला मेडिकलवर पैसे तोच मोजतो. असं का होतं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने झाली. पुढे यवतमाळसह १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सगळ्या नागरिकांसाठी खुली करायचं ठरवलं आणि दीड लाखांची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर नेली. ही मर्यादा १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

पण ही योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होणाऱ्यांसाठी आहे. अँजिओप्लास्टी त्यात बसते, डायलिसिस बसतं. सुट्टी झाल्यावर साधारण दहा दिवसांची औषधंही मिळतात. अकराव्या दिवसापासून काय, याचं उत्तर योजनेत बहुतेकदा नाही. आणि मधुमेह तर अकराव्या दिवसाचाच आजार आहे. रोजची गोळी, महिन्याची रक्ततपासणी, तीन-सहा महिन्यांनी एचबीएवनसी, वर्षातून एकदा डोळे. यातल्या कशासाठीच भरती व्हावं लागत नाही, म्हणून विम्याच्या हिशेबात ते येत नाही.

पाय कापायला सरकार पैसे देतं आणि पाय वाचवणाऱ्या गोळीला देत नाही, असं म्हणण्याचा मोह होतो. ते पूर्ण खरं नाही. सरकारी दवाखान्यात तिशीनंतरच्या लोकांची शुगर मोफत तपासली जाते, मेटफॉर्मिनसारख्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत देणं अपेक्षित आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. अडचण वेगळी आहे. गोळीसाठी सोयाबीन-कापसाच्या हंगामात एक दिवसाची मजुरी बुडते, आणि साठा नसेल तर तोच माणूस परत मेडिकलवरच जातो. शिवाय मेटफॉर्मिनने भागत नाही तेव्हा डॉक्टर पुढची गोळी लिहितात. खरा खर्च तिथून सुरू होतो.

सिटाग्लिप्टिनचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये तिचं पेटंट संपलं. जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा बाजारातल्या ब्रँडची किंमत १६० ते २५८ रुपये होती. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर महिन्याला ३६० रुपये आणि दुसरीकडे साडेनऊशे ते दीड हजार. घरात नवरा-बायको दोघांनाही शुगर असेल तर हा फरक दुप्पट. डॉक्टरांना "याची जनऔषधीची गोळी चालेल का?" एवढं विचारलं तरी बराच पैसा वाचतो. पाच लाखांच्या कार्डाने महिन्याच्या या हिशेबात एक रुपयाही वाचत नाही.

खासगी विम्याचं काय?

मधुमेह आधीपासून असेल तरी पॉलिसी मिळू शकते, पण हप्ता वाढतो आणि आधीच्या आजारासाठी थांबावं लागतं. ही प्रतीक्षा पूर्वी चार वर्षांपर्यंत असायची. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयने ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. मात्र रोजच्या औषधांसाठी ओपीडीची सोय असलेली पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती महाग पडते.

यात एक सल्ला हमखास मिळतो: "शुगर आहे असं लिहू नका, हप्ता वाढेल." हा सल्ला किती महागात पडतो ते सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून दिसतं. २००९ च्या प्रकरणात विमा घेताना मधुमेह आणि किडनीचा आजार लपवला होता. दावा नाकारणारी कंपनी बरोबर ठरली. २०२१ च्या प्रकरणात परदेशी निघालेल्या माणसाने मधुमेह असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेत उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने पैसे नाकारले. त्यावेळी न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. आजार माहीत असूनही पॉलिसी दिली, मग आता त्याच आजाराचं कारण कसं पुढे करता, असा त्या निकालाचा अर्थ.

सलग पाच वर्षं पॉलिसी चालवली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पण तोवर अर्जातला प्रत्येक रकाना महत्त्वाचा. अर्ज बहुतेकदा एजंटच मोबाइलवर भरतो. त्यामुळे पॉलिसी हातात आली की सोबतची अर्जाची प्रत वाचावी. मधुमेहापुढे "नाही" लिहिलेलं असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवावं. नव्या नियमानुसार नको असलेली पॉलिसी ३० दिवसांत परतही करता येते.