ध्रुवावरील बर्फ आणि खानापूर तालुक्याची आणेवारी
विटा शहर व खानापूर तालुक्यातील सुजाण नागरिकांस जाहीर निवेदन



ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळले तर त्याचे सोयरसुतक टेंभू सिंचन योजनेच्या आवर्तनाची वाट पाहत बसणाऱ्या आम्हां दुष्काळी मुलखातील लोकांना कशाला, असे चांगली शिकलीसवरलेली मंडळीही विचारतात, आणि पाऊस वाढला तर बरेच झाले, अशी वर पुस्तीही जोडतात. या बेफिकिरीविरुद्ध हे पत्रक काढणे आम्हांस भाग पडले आहे.

लोकमान्यांनी 1903 साली उत्तर ध्रुवाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा तो प्रदेश मराठी वाचकास वेदकाळाच्या चर्चेपुरताच ठाऊक झाला. पण डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकास निघाली, दोनच वर्षांनी नागपूरच्या डॉ. अदिती पंत त्या हिमभूमीवर उतरल्या, आणि आज वास्को येथे सरकारी खजिन्यातून चालणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र दोन्ही ध्रुवांचा अभ्यास करीत आहे. 1979 पासून उत्तर ध्रुवप्रदेश उर्वरित पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. 2012 च्या सप्टेंबरात तेथील समुद्रावरचे बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकसले.

याचा अर्थ विट्याच्या गलाई बांधवांस कोणी समजावून द्यावा लागू नये. मुशीत चोख सोन्याचा अखेरचा कण वितळेपर्यंत भट्टीची सारी आच त्या वितळण्यातच खर्ची पडते आणि उष्णतामान 1064 अंशांवर अडून राहते. तो कण नाहीसा होताच तीच आच उष्णतामान भराभर चढविते. बर्फाचेही तसेच आहे. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास जितकी उष्णता लागते तितकीच त्या पाण्याला पुढे सुमारे 80 अंश तापविण्यास पुरते. शिवाय शुभ्र बर्फ सूर्यकिरण परतवीत असे, त्या जागी उघडा पडलेला काळा समुद्र ते गिळतो.

वास्कोच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये असे प्रतिपादिले की, रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रावरील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असणे संभवनीय आहे. उत्तरेकडे वरच्या वातावरणात उठलेले तरंग आशियापर्यंत पोचतात आणि तापलेला अरबी समुद्र त्यांस बाष्प पुरवितो. शास्त्रज्ञांची भाषा सावध आहे, आणि ती तशीच असावी. परंतु द्राक्षबागाइतदारास हंगामाअखेरच्या पावसाची जरब किती, हे 2019 च्या ऑक्टोबरने सांगली जिल्ह्यास दाखविले. फळछाटणी झालेली, कोवळी फूट निघालेली, घड पोंग्यातून डोकावत असलेले, आणि त्यावर दिवसचे दिवस पाऊस: पानामागे डावणीची पांढुरकी बुरशी धरते, घड कुजतात, आणि चिखलामुळे फवारणीचा ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेसच येतो.

आणि आमचे राज्यकर्ते? पंचनाम्याचे फोटो निघतात, आणेवारी 50 पैशांच्या आत की बाहेर यावर तहसील कचेरीत हुज्जत चालते, आणि सारे नुकसान ‘नैसर्गिक आपत्ती’ या सदराखाली दफ्तरदाखल होते, जणू दीडशे वर्षे कोळसा व तेल जाळणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांचा त्यात काडीचाही हात नाही! मदत ही मेहेरबानी नव्हे. ती थकबाकी आहे, आणि ती त्या राष्ट्रांकडून वसूल करण्याची भाषा आमच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत बोलली पाहिजे.

आमच्या वाट्याचे कामही आम्ही टाळू नये. यंत्रमागांच्या शेडांवरील पत्रे वर्षातील बहुतेक दिवस रणरणत्या उन्हात तापतात. त्यांवर सौरविद्युत बसविण्यास लहान कारखानदारास अल्प व्याजाचे कर्ज मिळावे, प्रत्येक गावी पर्जन्यमापक बसवून त्याची नोंदवही ग्रामपंचायतीत खुली ठेवावी, कारण एका गावावर फुटलेला ढग शेजारचे गाव कोरडे ठेवतो आणि विम्याचा निकाल मात्र महसूल मंडळाच्या आकड्यावर लागतो, तसेच वास्कोच्या शास्त्रज्ञांस नगरपरिषदेने विट्यास पाचारण करून बागाइतदारांसमोर बोलते करावे, अशा मागण्यांचा अर्ज तहसीलदारसाहेबांकडे दाखल करावयाचा आहे. पत्रक वाटणाऱ्या कार्यकर्त्याजवळ त्याची प्रत आहे. ती वाचून, पटल्यास, सही करावी.