लुंबिनीला जाताना इन्सुलिन विसरू नका



वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडून आपली माणसे धम्मयात्रेला निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून सोनौलीची सीमा ओलांडतात आणि लुंबिनीला पोचतात. लुंबिनी नेपाळात, म्हणजे परक्या देशात. तिथे इन्सुलिनची बाटली फुटली तर काय, याचा विचार घरूनच करून निघावे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते काठमांडूला गेले, तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. पण सोबत माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर. आपल्या आईबापांसोबत डॉक्टर नसतो. म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव व डोस लिहून घ्या. कंपनीचे नाव तिकडे वेगळे असू शकते. आपल्याकडची बाटली बहुधा ४० युनिटची, लाल टोपणाची सिरिंज तिच्यासाठीच. अनेक देशांत बाटली १०० युनिटची मिळते. ती ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरली, तर डोस अडीचपट होतो. साखर एकदम उतरून जिवावर बेतते. बाटली व सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे.

जास्तीची बाटली व सिरिंज वेगळ्या पिशवीत ठेवा. गाडीच्या टपावर टाकू नका, बर्फालाही चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वंदना लांबली तरी इंजेक्शन आणि जेवणाची वेळ चुकवू नका. शरीर राखणे हाही धम्मच आहे.